लाइट गेली की उजेड वाढायचा

माझ्या फजितीच्या गोष्टी तुम्ही कुणाकडून तरी ऐकल्या असतीलच. स्कूटरचं स्टँड न काढता जिंतूर रोडपर्यंत ठिणग्या उडवत गेलो, ती. पाथरीला भलत्याच लग्नात आहेर करून, पोटभर जेवून, वर नवरदेवाच्या मामाशी तासभर गप्पा मारून आलो, ती. अर्थशास्त्राच्या वर्गात शिरून पाऊण तास प्रकाशाचं वक्रीभवन शिकवलं आणि पोरांनी शेवटी टाळ्या वाजवल्या — तीसुद्धा. परभणीत आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये या गोष्टी मीच सांगतो, दर वेळी थोडं मीठमसाला मीच वाढवतो. लोक हसतात. म्हणतात, या माणसाच्या पोटात काही राहत नाही.

राहतं. एक राहिलंय.

बारा-तेरा वर्षं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही, दवाखान्यात एकदा भुलीच्या औषधाखाली होतो तेव्हाही नाही — शुद्धीवर आल्याबरोबर पहिला प्रश्न नर्सला तोच विचारला होता, मी काही बडबडलो का? ती म्हणाली, लाइट लाइट करत होता. मला घाम फुटला. तिला वाटलं भूल उतरायलीय.

आणि आता कळतंय की बाकीच्या सगळ्या गोष्टी मी का सांगत होतो. जो माणूस स्वतःची एवढी खिल्ली उडवतो, त्याच्याकडं अजून काही लपवलेलं असेल असं कुणाला वाटणार आहे?

तर सांगतो. कुठून सुरू करू? कॉम्प्युटरपासून करू या. त्याच्यावर ढकलायला सोपं जातं म्हणून नव्हे — बरं, तसंही असेल थोडं.

मी पीएच.डी. केली चाळिशीला टेकल्यावर. विषय होता मल्टिमोड ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश कसा वाढतो, त्याचं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन. घाबरू नका, दोन मिनिटांत संपवतो. काचेची केसाएवढी तार असते. तिच्यातून प्रकाश एकाच रूपात जात नाही. मधोमध एक गोल ठिपका असतो, त्याच्या जोडीला दोन फाकांचं एक रूप, चार पाकळ्यांचं एक, अशी कितीतरी. प्रत्येकाला मोड म्हणतात. तारेच्या काचेत एका धातूचा किंचित अंश मिसळलेला असतो. दुसऱ्या एका लेसरचा प्रकाश तारेत सोडायचा, त्याला म्हणतात पंप. पंपाची ऊर्जा तो धातू धरून ठेवतो, आणि मुख्य प्रकाश तिथून जाता जाता ती उचलतो. उचलत उचलत मोठा होतो.

तरी जड वाटत असेल तर पंगत डोळ्यांसमोर आणा. पंप म्हणजे वरणाचं पातेलं. मोड म्हणजे पानावर बसलेले पाहुणे. वाढपी निघाला की मधल्या मानकऱ्याच्या पानात डावभर जास्त पडतं, कडेच्यांना जरा हात आखडता. आणि वाढपी पुढं जाईल तसं पातेलं खाली खाली होत जातं. आमच्या शास्त्राचा प्रश्न एवढाच — पंगत संपली तेव्हा कुणाच्या पोटात किती गेलं?

सगळ्यांना वाटतं की मधल्या गोल ठिपक्यानंच सगळं खावं. तसा प्रकाश एका टोकावर नीट आणता येतो, पाकळ्यापाकळ्यांचा विस्कटतो. जाड तारेत हे होत नाही, हीच सगळ्यांची अडचण. आणि मी — परभणीच्या दोन खोल्यांच्या घरात, जुन्या बाजारातून आणलेल्या कॉम्प्युटरवर — दाखवून दिलं की होतं. तार एका ठरावीक मापाच्या वेटोळ्यात गुंडाळा, मधला ठिपका बाकीच्यांचं सगळं ओरपतो.

हे गणित तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुंगीच्या पावलांनी करायचं असतं. एका वेळेला आठ-नऊ तास. आता तुम्हीच सांगा, त्या काळी आमच्याकडं सलग आठ तास लाइट? लोडशेडिंगचं टाइमटेबल फ्रीजवर चिकटवलेलं होतं, पण ते आम्ही वाचायचो, लाइट कुठं वाचत होती. इन्व्हर्टर होता, त्याची बॅटरी फुगून पापडासारखी झालेली. सात तास गणित चालायचं, आठव्या तासाला फट् — सगळं गेलं.

मग मी डोकं चालवलं. प्रोग्राम दर काही पावलांनी आपण कुठवर आलो, ते डिस्कवर लिहून ठेवेल. लाइट गेली तर गेली. आली की फाइल उघडायची, जिथं थांबलो तिथून पुढं. सिनेमाच्या मध्यंतरासारखं. यावर मी इतका खूश होतो की भाजीवाल्यालाही समजावून सांगितलं. मे महिन्यात घरात एकच पंखा होता, तो कॉम्प्युटरकडं तोंड करून. मंगल — माझी बायको — पदरानं वारा घेत म्हणायची, "अहो, तुमच्या त्या लेकाला विचारा, पंखा अर्धा इकडं फिरवला तर चालंल का म्हणावं."

लेख एका परदेशी मासिकात छापून आला. कॉलेजात सत्कार झाला, शाल, नारळ, आणि फेटा एवढा घट्ट की फोटोत माझ्या भुवया केसांना टेकल्यात. पेपरात आलं. पेपरवाल्यानं लिहिलं की प्राध्यापकांनी विजेविना प्रकाश निर्माण केला. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. त्या बिचाऱ्यानं नकळत किती अचूक लिहिलं होतं, ते मला सहा महिन्यांनी कळलं.

त्याच सत्काराला पहिल्या रांगेत शिवकांता बसली होती.

ही माझी विद्यार्थिनी. सोनपेठची. तिचे वडील — तिच्यासोबत आम्हीही त्यांना अप्पाच म्हणायचो — सोनपेठच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. पत्र्याचा छोटा गाळा, दाराशी रुद्राक्ष टांगलेला, डोळ्याला भिंग. पोरगी शाळेत असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून चिमट्यानं केसाएवढी स्प्रिंग बसवायची. आमच्या प्रॅक्टिकलला बाकीची पोरं स्पेक्ट्रोमीटरशी कुस्ती खेळायची; ही यायची, दोन बोटांनी स्क्रूला नुसतं शिवल्यासारखं करायची, आणि रेष दोऱ्यासारखी उभी. मी एकदा भर वर्गात म्हणालो होतो, या मुलीच्या हातात पारा ठेवला तरी हलायचा नाही. ती लाजून खाली बघत बसली. तिला ते वाक्य फार दिवस लक्षात राहिलं. मलाही राहायला हवं होतं.

एम.एस्सी. झाल्यावर तिला पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत संशोधनाला जागा मिळाली. मुलाखतीत तिनं माझा लेख पुढं ठेवला. आमच्या सरांनी कॉम्प्युटरवर दाखवलंय, मी हातांनी करून दाखवते. तिथल्या गाइडना ते आवडलं. अप्पा पेढे घेऊन माझ्या घरी आले, चप्पल दाराबाहेर काढून अवघडून बसले आणि म्हणाले, "सर, आमच्या घराण्याचा हात आता तुमच्या हवाली हाय."

हे वाक्य मी विसरलो असतो तर किती बरं झालं असतं. पण माझी स्मरणशक्ती नको तिथं चांगली आहे.

दिवाळीनंतर कॉलेजला जनरेटर आला. मी म्हटलं, चला, आता सुखानं गणित करू. तोच प्रोग्राम, तेच आकडे, सकाळी लावला, संध्याकाळी पाहिला — तो निकाल आलाच नाही. गोल ठिपका बाकीच्यांसारखाच, थोडाबहुत जाडजूड, बस. मला वाटलं कॉलेजचं मशीन बिघडलेलं. माणूस बोलावून मेमरी बदलून घेतली. पुन्हा तेच. घरी आलो, घरच्या मशीनवर लावला — निकाल झकास! मी मंगलला म्हणालोसुद्धा, बघ, घरच्या मशीनला हाताचा गुण आहे.

मग एका दुपारी मी योगायोगानं समोरच बसलो होतो. लाइट गेली. पंधरा-वीस मिनिटांनी आली. प्रोग्राम उठला, फाइल उघडली, पडद्यावरची रेष पुढं सरकली — आणि मधल्या मोडच्या रेषेनं टुणकन उडी मारली. मी बघतच राहिलो. मी ती उडी आधी कधी पाहिली नव्हती, कारण लाइट आली की मी आधी पिण्याचं पाणी भरायला पळायचो.

प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ वाचली. लाइट येताच तो प्रत्येक मोडची ताकद फाइलमधून बरोबर उचलायचा. पंपाची उचलायचाच नाही. ती मी लिहून ठेवलीच नव्हती. मग तो पंप सुरुवातीच्या आकड्यावर नेऊन ठेवायचा. काठोकाठ.

कळतंय ना काय झालं ते? अर्धी पंगत उठत आली, लाइट गेली, लाइट आली, आणि वाढप्याच्या हातात पुन्हा भरलेलं पातेलं. दिवसात चार वेळा लाइट गेली तर चार पातेली. आणि मधला मानकरी आधीच ताटावर आडवा हात मारत बसलेला — सगळं त्याच्याच पानात. वेटोळ्याचा संबंध नाही, मापाचा नाही. माझा जगाला दिलेला शोध म्हणजे परभणीचं लोडशेडिंग.

मग मी ती बेरीज केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. तारेत जेवढं घातलं होतं, त्याहून जास्त बाहेर येत होतं. पहिल्या वर्षाच्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी लाल पेनानं भोपळा काढून दिला असता. लेखात मी नुसता वाटा दाखवला होता, कुणाला किती टक्के. एकूण किती, हे कुणी विचारलंच नाही. तपासणाऱ्यांनीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, हेच होय? चूक काय कुणाचीही होते.

थांबा. ही चूक मी लपवलेली नाही — म्हणजे लपवली, पण कबुली हिची नाही. ही तर स्टाफरूममध्ये सांगितली असती तर पाथरीच्या लग्नापेक्षा भारी रंगली असती. लाइट गेली की उजेड वाढायचा! लोक लोळले असते. मी कितीदा जिभेच्या टोकावर आणून गिळलीय. का? कारण या गोष्टीला पुढचा भाग आहे, आणि तो सांगताना कुणी हसणार नाही.

प्रोग्राम दुरुस्त करायला मला एक दिवस लागला. एक ओळ. त्याच आठवड्यात शिवकांतानं तिची पहिली मोजमापं पाठवली. तिनं स्वतः तारेची टोकं कापली होती, स्वतः घासून लखलखीत केली होती, मी दिलेल्या मापाचं वेटोळं घातलं होतं. सोबत दोन ओळी — सर, तुमच्यासारखं येत नाही, माझंच काहीतरी चुकतंय, मी परत करते.

रविवारची सकाळ होती. मंगल आत ज्वारी निवडत होती. मी दुरुस्त केलेल्या प्रोग्रामची रेष कागदावर छापली. मग तिचे आकडे घेतले आणि पेन्सिलीनं एकेक बिंदू त्यावर मांडायला लागलो.

पहिला रेषेवर बसला. दुसरा बसला. तिसरा केसभर वर — तेवढं चालतं. चौथा, पाचवा, सहावा… सगळे. घड्याळाचे दाते एकमेकांत बसावेत तसे. त्या आठवड्यापर्यंत जगात कुणीही बरोबर काढलेली नव्हती ती रेष या पोरीनं नुसत्या हातांनी शोधून काढली होती, आणि वरून माफी मागत होती.

आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो. वाटलं, काय हात आहे! वाटलं, आत्ता फोन करावा. पण फोन करून सांगायचं काय? तुझं बरोबर आहे म्हणजे माझं चूक आहे. सत्कार चूक, फेटा चूक, पीएच.डी. — तिचा तर हा लेखच कणा. तोंडी परीक्षा अजून व्हायची होती. कॉलेजात माझ्या नावापुढं डॉक्टर लागायची वाट बघणारे होते, आणि न लागायची वाट बघणारे जरा जास्त होते.

तेवढ्यात फोन वाजला. तिचाच.

"सर, बघितलं का? सगळे मोड सांडल्यासारखे पसरायलेत." मग विचारलं, "सर, खरं सांगा. माझा हात हलायलाय का?"

कागद माझ्या मांडीवर होता. पेन्सिल कानावर.

मी म्हणालो, "थोडा हलत असेल. चहा कमी कर."

बस. एवढंच. हीच ती कबुली. यानंतरचं सगळं या दोन वाक्यांच्या वाटेनंच गेलं, पण गुन्हा म्हणाल तर तो तिथं झाला, रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर, एका दमात. मला अडखळायलाही झालं नाही. मी इतकं चांगलं खोटं बोलू शकतो हे मलाही तेव्हाच कळलं.

तिनं चहा कमी केला नाही, सोडलाच.

पुढं दर पंधरा दिवसांनी फोन. आणि दर वेळी मी तिला काहीतरी नवं द्यायचो. टोक तिरकं कापलं जात असेल. श्वास रोखून बघ. मनगटाखाली उशी घे. टेबलाला धक्का लागत असेल, सकाळी लवकर जा. ती सगळं करायची. तिच्या वहीत माझ्या सूचनांची यादी होती, क्रमांक घालून. तिनं एकदा फोनवर वाचून दाखवली तेव्हा सतरा झाल्या होत्या. मी विचारपूर्वक म्हणालो, "अठरावी लिही." बघा ना — माझ्यातला मास्तर त्याही वेळी जागा होता.

आणि मी? माझं काय चाललं होतं? पुण्याचा नंबर दिसला की मी चार रिंग वाजू द्यायचो. टपालाचं जाड पाकीट दिसलं की आधी पाठवणाऱ्याचं नाव वाचायचो. रात्री जेवण जाईना. मंगलला वाटलं ॲसिडिटी, तिनं कोकम सुरू केलं. कुणीतरी माझा लेख खोडून काढणारा लेख लिहील, म्हणून दर महिन्याला मासिकं चाळायचो. कुणी लिहिला नाही. कुणी वाचलाच नव्हता हो! लेखाचा उल्लेख जगात मोजून पाचांनी केला, त्यातले दोन मी. एका परदेशी संशोधकानं फार अदबीनं प्रोग्राम मागितला. मी कळवलं की आमच्या भागात विजेचा फार त्रास, हार्ड डिस्क जळाली. त्यानं सहानुभूतीचं पत्र पाठवलं. डिस्क जळालेली नव्हती. ती आजही माझ्या कपाटात आहे, लग्नातल्या सुटाच्या खाली.

म्हणजे हिशेब असा की साऱ्या जगात माझ्या शोधावर मनापासून विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं. आणि तिचीच मी ही गत केली.

लेख मागं घेतो असं पत्र लिहायला बसलो होतो का? बसलो. कितीदा तरी. एकदा तर पूर्ण लिहिलं, कॉम्प्युटरवरच, पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं — आणि लाइट गेली. शपथ घेतो, खरंच गेली. अर्ध्या तासानं आली. बाकी सगळं जिथं थांबलं तिथून पुढं सुरू करायची युक्ती मीच काढली होती ना? ते पत्र मात्र मी पुन्हा उघडलं नाही.

तीन वर्षं होत आली तेव्हा तिच्या गाइडनी तिला बोलावून सांगितलं, प्रयोगाचं काम सगळ्यांनाच जमतं असं नाही. चांगुलपणानंच सांगितलं असणार. तोवर माझी तोंडी परीक्षा होऊन गेली होती, दारावरच्या पाटीवर डॉक्टर लागलं होतं. म्हणजे आता सांगायला काय हरकत होती? बघा, हेच मलाही अजून कळलेलं नाही. आधी भीती पीएच.डी.ची होती. मग भीती ही, की इतके दिवस का सांगितलं नाही असं ती विचारील. भीतीलाही मी दर वेळी नवं पातेलं भरून देत होतो.

ती परत आली त्या दिवशी अप्पांसोबत मीही परभणी स्टेशनवर गेलो. का गेलो? न जाणं वाईट दिसलं असतं म्हणून. अलीकडच्या स्टेशनला गाडी थांबवून ठेवली होती, तासभर फलाटावर बसलो. अप्पा गुडघ्यावर पालथे पंजे ठेवून त्यांच्याकडंच बघत होते. म्हणाले, "आमचा हात घड्याळापुरताच, सर. त्या काचेच्या तारेला कुठं पुरायलाय. लेकराला उगंच आभाळ दाखवलं आमी."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, चहा घेणार का.

गाडी आली. शिवकांता एक पेटी आणि एक गोणपाटात बांधलेली गादी घेऊन उतरली. वाळली होती. आधी अप्पांना, मग मला वाकून नमस्कार केला, भर फलाटावर, लोक वळसा घालून जात होते. उठताना खाली बघत म्हणाली, "सर, तुमचं नाव घालवलं मी."

आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "असू दे."

मी तिला माफ केलं, कळलं का? मोठ्या मनानं.

या जानेवारीत तिचं बोलावणं आलं. ती आता सोनपेठला ज्युनियर कॉलेजात शिकवते. विज्ञान प्रदर्शन होतं, प्रमुख पाहुणा मी. एस.टी.नं गेलो. बाजारातून जाताना अप्पांचा गाळा दिसला. अप्पांना आता मोतीबिंदू. गाळा उघडतात, बसतात, पण कामं पडून. मला बघून म्हणाले, "हिला म्हणलं सुट्टीच्या दिशी बसत जा जरा. तर चिमटा हातात धरंना बघा."

प्रदर्शनात पोरांना दाखवायचा एक प्रयोग होता. प्लॅस्टिकच्या बाटलीला भोक पाडायचं, पाण्याची धार सोडायची, मागून लेसरचा किरण त्या भोकात नेमका धरायचा. जमला की उजेड धारेसोबत वळतो, पाण्यातच राहतो. ऑप्टिकल फायबरची पहिली ओळख. शिवकांता बोलत होती आणि लेसर धरून होते शिपाईमामा. किरण काही भोकात जाईना. ती दोन पावलं लांब, हात मागं बांधून उभी. डावीकडं, मामा. किंचित वर. पोरं चुळबुळायला लागली. मामा वैतागून म्हणाले, मॅडम, तुमीच धरा की.

"नको मामा," ती हसत म्हणाली. "माझा हात बसत न्हाई."

हे तिनं असं म्हटलं, जसं कुणी आपल्याला चष्मा आहे म्हणून सांगावं. दुःखानं नाही. सवयीनं.

मग पाहुणा उठला. मी लेसर घेतला. तांबडा ठिपका बाटलीवरून भिंतीवर, भिंतीवरून छताला, छतावरून एका पोराच्या कपाळावर — कुठंही थांबेना. पोरं खिदळली. मी लगेच काहीतरी विनोद केला, सगळे हसले, तीही हसली.

नंतर ऑफिसात चहा आला. एकच कप. मी म्हटलं, आणि मॅडमना? मामा म्हणाले, त्या घेत न्हाईत. शिवकांता कौतुकानं हेडसरांकडं वळून म्हणाली, "आमच्या सरांनी सोडायला लावला होता. तेव्हापासून थेंब न्हाई."

मी तो चहा प्यालो. सगळा.

परवा त्या मासिकाला आणि तिच्या पुण्याच्या गाइडना पत्र पाठवलं, डिस्कमधला तो प्रोग्रामही. बटण दाबताना लाइट होती. त्यांचं काय उत्तर येईल ते येवो. उद्या सकाळच्या गाडीनं सोनपेठला जायचंय. तिला अजून काही माहीत नाही. मंगलला आज सकाळी सांगितलं. ती ज्वारीचं सूप हातात घेऊन आत गेली.

सुटाखालून तो कागद काढलाय. घडीवर फाटायला आलाय, पेन्सिल फिकट झालीय, पण बिंदू सगळे जागेवर आहेत. भाषण करायला लागलो तर मी काहीतरी गंमत करीन, माझा भरवसा नाही. म्हणून कागदाच्या मागं लिहूनच ठेवलंय, तेवढं तिच्या हातात देणार :

शिवकांता, कागदाच्या पुढच्या बाजूची रेष माझी, दुरुस्त केल्यानंतरची. बिंदू तुझे, तू पाठवलेले पहिलेच. तुझा हात कधी हलला नव्हता. तू विचारलंस तेव्हा हा कागद माझ्या मांडीवर होता. चहाचा काही संबंध नव्हता.